तांदळात लिहिलेले नाव

आपल्या मंडळाच्या पहिल्या सभासदांची यादी तयार करण्याचे काम स्मरणिका समितीने माझ्याकडे सोपविले, तेव्हा ते मला अगदी हलके वाटले होते. जुन्या हजेरीवह्या आहेत, वर्गणीच्या पावत्यांची पुस्तके आहेत. नावे तेवढी उतरून काढावयाची! पण पहिली वही उघडली आणि पहिल्याच पानावर अडले. ‘डॉक्टरीणबाई’, ‘मास्तरांच्या घरून’, ‘कोपऱ्यावरच्या वहिनी’ अशा नोंदी. कोण या डॉक्टरीणबाई? कोणत्या कोपऱ्यावरच्या वहिनी? सांगणारे आता कोणी उरले नाही. आणि जिथे नाव लिहिलेले होते, तिथेही पुष्कळदा एकच नाव: लक्ष्मी. पहिल्या वर्षाच्या वहीत पाच लक्ष्मीबाई निघाल्या.

त्यांपैकी एकच आजी आज आपल्यात आहेत. त्यांना भेटावयास गेले, वही दाखविली. चष्मा सारखा करून त्यांनी आपली सही पाहिली आणि हसून म्हणाल्या, “अगं, हे सासरचं नाव. माझं नाव द्वारका. त्या नावानं हाक मारणारं शेवटचं माणूस माझा भाऊ होता. तो गेला, तेव्हापासून कुणी मारली नाही.”

घरी येताना मी गप्प होते. कारण मीही लक्ष्मीच. माहेरची विमल.

आपल्यापैकी अनेकींना हा प्रसंग आठवत असेल. उंबरठ्यावर ठेवलेले तांदळाचे माप उजव्या पायाने ओलांडून आपण घरात आलो. मग लक्ष्मीपूजन झाले, ताटात तांदूळ पसरले आणि त्या तांदळात अंगठीने आपले नवे नाव लिहिले गेले. साखर वाटली. सगळ्यांनी ते नाव मोठ्याने वाचले. दुसऱ्या दिवशी ते तांदूळ शिजलेही असतील. नाव मात्र जन्मभर राहिले. ‘लक्ष्मी’ हे त्यांतले सर्वांत आवडते नाव. कारण घरात सून येते ती लक्ष्मीच्या पावलांनी येते, अशी आपली समजूत. म्हणजे नाव तिचे असले, तरी त्यातली इच्छा घराची असते. घरात धान्य असावे, चार पैसे असावेत, आणि चंचल म्हणून प्रसिद्ध असलेल्या त्या देवतेने इथे मात्र स्थिर राहावे.

त्या वहीमुळे मला एक नाद लागला. आपल्या इतिहासात ज्या लक्ष्मीबाई होऊन गेल्या, त्यांनी या नावाचे काय केले, हे मी पाहू लागले. क्षेत्रे निरनिराळी, काळ निरनिराळे, मतेही एकमेकींच्या विरुद्ध. एका ओळीत त्यांना बसविणारा दुवा हा एका शब्दाचाच. पण तो शब्द धरून गेले, तर काय काय हाती लागले ते सांगते.

पहिल्या अर्थातच झांशीच्या. काशीला मोरोपंत आणि भागीरथीबाई तांबे यांच्या पोटी जन्मलेल्या मुलीचे नाव मनकर्णिका. काशीच्या प्रसिद्ध घाटाचेच ते नाव. आई लवकर गेली. वडील दुसऱ्या बाजीरावांच्या आश्रयाला ब्रह्मावर्ती, म्हणजे कानपूरजवळच्या बिठूरला, होते. तिथे ही मनू वाढली; घोड्यावर बसली, शस्त्र चालवावयास शिकली. १८४२ साली झांशीचे गंगाधरराव नेवाळकर यांच्याशी तिचे लग्न झाले. नेवाळकर मूळचे रत्नागिरीकडचे. उत्तरेतल्या त्या मराठी घरात मनूची लक्ष्मीबाई झाली.

१८५१ साली मुलगा झाला, तो काही महिन्यांतच गेला. नोव्हेंबर १८५३ मध्ये गंगाधररावांनी मृत्यूच्या आदल्या दिवशी दत्तक घेतला. त्या मुलाचेही आनंदराव हे नाव बदलून दामोदरराव ठेवले. डलहौसीने दत्तक नामंजूर करून १८५४ साली झांशी खालसा केली. आपल्याला राणी आठवते ती घोड्यावरची. परंतु तलवारीच्या आधी तीन वर्षे त्यांनी लेखणी चालविली होती, हे आपण विसरतो. त्यांनी गव्हर्नर जनरलकडे खलिते धाडले, जुन्या तहांचे दाखले दिले, जॉन लँग नावाच्या वकिलाला बोलावून सल्ला घेतला. कायद्याची सारी दारे ठोठावून झाल्यावर मग १८५७ आले.

वरसईचे विष्णुभट गोडसे हे भिक्षुकीसाठी उत्तरेत गेले होते आणि नेमके त्या धामधुमीत सापडले. झांशीचा वेढा त्यांनी आत राहून पाहिला. त्यांचे ‘माझा प्रवास’ हे पुस्तक १९०७ साली छापून निघाले. त्यातला एक प्रसंग मला लढाईपेक्षा मोठा वाटतो. एप्रिल १८५८ मध्ये झांशी पडल्यावर राणी काल्पीकडे निघाल्या. वाटेत एका विहिरीवर गोडसेभटजींची व त्यांची गाठ पडली. अंगावर धूळ, पुरुषी वेष, तहानेने जीव व्याकूळ. भटजी पाणी काढू लागले, तेव्हा राणींनी त्यांना थांबविले. विद्वान ब्राह्मणाने आपल्यासाठी कष्ट घेऊ नयेत म्हणाल्या, स्वतः पाणी काढले आणि ओंजळीने प्यायल्या. आपल्यासारख्या विधवेच्या पोटाला लागतात किती, अर्धा शेर तांदूळ. तरी या उद्योगात पडावे लागले, अशा अर्थाचे त्या बोलून गेल्या. जिचे नाव समृद्धीच्या देवतेचे, ती आपली गरज अर्ध्या शेराची सांगते! दोन महिन्यांत, जून १८५८ मध्ये, ग्वाल्हेरजवळ लढता लढता त्यांचा अंत झाला.

दुसऱ्या लक्ष्मीबाई याच बंडाच्या सावलीत जन्मल्या. आणि योगायोग असा की, माहेरच्या त्याही मनकर्णिका, घरात मनूच! नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांची ही मुलगी १८६८ सालची. तिच्या आईचे वडील १८५७ च्या प्रकरणात फासावर गेले होते. त्या धक्क्याने तिच्या वडिलांना सोवळ्याचे वेड लागले. मीठसाखरसुद्धा धुऊन घरात घ्यावयाची, इतके. अशा घरातली ही मुलगी अकराव्या वर्षाच्या सुमारास नारायण वामन टिळक या तरुण कवीच्या घरी आली आणि मनूची लक्ष्मी झाली.

नाव लक्ष्मी, पण टिळकांच्या हातात पैसा ठरत नसे. ते आज इथे तर उद्या तिथे, आणि संसार त्यांच्यामागून. शिक्षण म्हणाल तर नवऱ्याने शिकविली तेवढी अक्षरे. पुढे १८९५ साली टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला, आणि लक्ष्मीबाई जिवंत नवऱ्याच्या बायको असून एकट्या पडल्या. नातेवाइकांच्या आधाराने, मुलाला जवळ घेऊन, त्यांनी काही वर्षे काढली. शेवटी त्या टिळकांकडे परतल्या, त्याही नवरा म्हणतो म्हणून धर्म बदलावयास नव्हे. आधी सोवळे-ओवळे आणि जातिभेद ही देवाची करणी नव्हे, हे त्यांच्या मनाने घेतले. त्यानंतर १९०० साली बाप्तिस्मा झाला. मीठ धुणाऱ्या बापाच्या मुलीने एवढे अंतर चालावे, हा काही लहान प्रवास नव्हे.

१९१९ साली टिळक गेले. त्यांचे ‘ख्रिस्तायन’ हे काव्य सुरुवातीलाच राहिले होते. ते लक्ष्मीबाईंनी पुरे केले. आणि मग त्यांनी ‘स्मृतिचित्रे’ लिहिली. १९३४ पासून ती चार भागांत निघाली. शेवटचा भाग बाहेर आला तेव्हा त्या नव्हत्या, १९३६ सालीच वारल्या होत्या. शाळेचे तोंड न पाहिलेल्या बाईचे हे पुस्तक मराठीतल्या उत्तम गद्यांत गणले जाते. घरातली भांडणे, फजिती, भूक, प्लेगच्या साथीतले दिवस, सारे काही त्यांनी लिहिले आणि स्वतःला सर्वांत आधी हसून लिहिले. ज्यांनी ते अजून वाचलेले नाही, त्यांनी मंडळाच्या कपाटातली प्रत घेऊन जावी. पण परत आणून द्यावी.

साहित्यातून स्वयंपाकघरात येणे आपल्याला जड जाऊ नये. तिसऱ्या लक्ष्मीबाई म्हणजे मुंबईच्या पाठारे प्रभू समाजातल्या लक्ष्मीबाई धुरंधर. १९१० साली त्यांचे ‘गृहिणी-मित्र अथवा हजार पाकक्रिया’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले. त्याआधी मराठीत पाकशास्त्राचे पुस्तक नव्हते असे नाही. १८७५ सालचे ‘सूपशास्त्र’ आहे, पण ते लिहिले रामचंद्र सखाराम गुप्ते यांनी. चूल बाईची आणि पुस्तक पुरुषाचे! लक्ष्मीबाईंनी चुलीजवळची विद्या स्वतः कागदावर आणली, तीही एकदोन नव्हे, हजारांच्या हिशेबाने. आई सांगते, लेक शिकते, आणि मध्ये एक पिढी तुटली की सारे जाते, हा आपला अनुभव. माझ्या आजीच्या हातचे लोणचे तिच्याबरोबर गेले, कारण ते कोणी लिहून ठेवले नाही. म्हणून मला हे पुस्तक केवळ पाककृतींचे वाटत नाही. ते बायकांच्या विद्येचे दफ्तर आहे.

चौथ्या लक्ष्मीबाईंनी पुस्तक लिहिले नाही. त्यांच्याविषयी लिहिताना मात्र माझा हात थोडा थरथरतो. या कर्मवीर भाऊराव पाटलांच्या पत्नी. भाऊरावांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह सुरू केले. सर्व जातींची मुले एका छपराखाली राहावयाची, एका पंगतीत जेवावयाची. १९२७ साली गांधीजींच्या हस्ते त्याला ‘श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस’ हे नाव मिळाले. त्या काळी हे सांगणेसुद्धा धाडसाचे होते. लक्ष्मीबाईंना ते रोज चुलीपाशी करून दाखवावयाचे होते. त्या जुन्या वळणाच्या जैन घरातल्या, सोवळे पाळणाऱ्या. ते सोडून त्या या मुलांच्या आई झाल्या.

वसतिगृह मुलांनी भरत गेले आणि पैसा कमी पडत गेला. लक्ष्मीबाईंच्या अंगावर माहेरचे, सासरचे सोने होते. एकेक दागिना धान्यासाठी मोडला गेला. भाऊराव पैसे मिळविण्यासाठी बाहेरगावी गेलेले असताना एक दिवस कोठीत काहीच उरले नाही आणि मुले जेवणाची वाट पाहत होती. तेव्हा त्यांनी मंगळसूत्रही दिले, पण मुलांना उपाशी ठेवले नाही. १९३० साली त्या गेल्या. संस्थेचा पुढचा विस्तार पाहावयास त्या राहिल्या नाहीत. आज रयत शिक्षण संस्थेच्या शाळा-महाविद्यालयांतून शिकलेली माणसे महाराष्ट्रात गावोगाव भेटतात. त्या साऱ्या विद्येखाली पायात एका बाईचे सोने घातलेले आहे. लक्ष्मीने घरात स्थिर राहावे म्हणून हे नाव ठेवतात, असे मी वर म्हटले. या लक्ष्मीने घरातली लक्ष्मी बाहेर काढली आणि तिचे शिक्षण केले.

पाचव्या लक्ष्मीबाई कोल्हापूरच्या, जाधव. त्या गाण्यातल्या. अल्लादिया खाँसाहेबांचे बंधू हैदर खाँ यांच्याकडे त्या शिकल्या आणि बडोद्याच्या दरबारी गायिका म्हणून नावारूपाला आल्या. जयपूर घराण्याची ती अवघड गायकी त्यांनी स्वतःपाशी ठेवली नाही. कोल्हापूरच्याच धोंडुताई कुलकर्णींना दिली. धोंडुताई २०१४ साली वारल्या, तोवर त्याही शिष्यांना शिकवीत होत्या. विद्या दिल्याने वाढते, हे पाठ्यपुस्तकात सगळेच वाचतात. गाणाऱ्या बायकांनी ते करून दाखविले.

सहाव्या वर्ध्याच्या लक्ष्मीबाई केळकर. माहेरच्या नागपूरच्या दात्यांच्या कमल, जन्म १९०५ चा. चौदाव्या वर्षी वर्ध्याचे वकील पुरुषोत्तमराव केळकर यांच्याशी लग्न झाले आणि कमळाची लक्ष्मी झाली. १९३२ साली वैधव्य आले, तेव्हा वय सत्तावीस आणि पदरात मुले. त्यांनी घराचे दार लावून घेतले नाही. १९३६ च्या विजयादशमीला वर्ध्यात राष्ट्र सेविका समितीची स्थापना केली आणि १९७८ साली जाईपर्यंत ती वाढविली. त्यांच्या विचारांशी आपल्यातल्या काहीजणींचे जमेल, काहींचे जमणार नाही. पण सत्तावीस वर्षांच्या विधवेने घराबाहेर पडून बायकांना एकत्र आणावे, याला त्या दिवसांत काय लागत असेल, ते जुन्या सभासदांना सांगावयास नको. लोक त्यांना ‘मावशी’ म्हणत. म्हणजे तिसरे नाव. आणि ते मात्र कोणी तांदळात लिहिलेले नव्हते, त्यांनी मिळविलेले होते.

आता शेवटच्या लक्ष्मी. त्या मराठी नव्हेत, पण पहिल्या लक्ष्मीशी त्यांचे नाते इतके सरळ आहे की त्यांना सोडून ही ओळ पुरी होत नाही. मद्रासच्या डॉ. लक्ष्मी स्वामीनाथन, जन्म १९१४. १९३८ साली डॉक्टर झाल्या, १९४० मध्ये सिंगापूरला जाऊन गरिबांसाठी दवाखाना चालवू लागल्या. १९४३ साली सुभाषबाबू तिथे आले आणि त्यांनी आझाद हिंद सेनेत स्त्रियांची पलटण उभारावयाचे ठरविले. तिला नाव दिले ‘झांशीची राणी रेजिमेंट’. तिचे नेतृत्व आले ते या डॉक्टरांकडे. लक्ष्मीबाईंच्या नावाची पलटण आणि तिच्या कॅप्टनचे नाव लक्ष्मी! मलायाच्या रबराच्या मळ्यांतल्या कित्येक तामिळ मुली तीत दाखल झाल्या. त्यांतल्या पुष्कळजणींनी हिंदुस्थान डोळ्यांनी पाहिलेलाही नव्हता.

ब्रह्मदेशात त्या पकडल्या गेल्या, १९४६ साली त्यांना हिंदुस्थानात आणले. १९४७ साली प्रेम सहगल यांच्याशी विवाह करून त्या कानपूरला राहिल्या. फाळणीतल्या निर्वासितांवर उपचार केले. १९७१ साली बांगलादेशच्या निर्वासितांच्या छावण्यांत गेल्या. १९८४ साली भोपाळला वायुगळतीनंतर धावल्या. कानपूरच्या दवाखान्यात नव्वदी उलटल्यावरही त्या रोगी तपासत. २००२ साली राष्ट्रपतिपदाची निवडणूक त्यांनी लढविली. २३ जुलै २०१२ रोजी त्या गेल्या आणि त्यांचा देह कानपूरच्याच वैद्यकीय महाविद्यालयाला दिला गेला. लग्नानंतर आडनाव बदलले, पण लोकांच्या तोंडी त्या ‘कॅप्टन लक्ष्मी’च राहिल्या. आणि पाहा, कानपूर म्हणजे बिठूरच्या शेजारचे शहर. मनू जिथे घोड्यावर बसावयास शिकली, त्याच्या जवळच ही ओळ येऊन थांबली.

या सातजणींना एका पंगतीला बसविले, तर काय होईल, असा विचार माझ्या मनात येतो. टिळकांच्या लक्ष्मीबाई आणि वर्ध्याच्या मावशी यांचा धर्मावरून वाद होईल. कॅप्टन लक्ष्मी आणि मावशी यांचा राजकारणावरून होईलच होईल. पान कोणाच्या मताप्रमाणे वाढावयाचे, ते धुरंधरबाई ठरवतील. साताऱ्याच्या लक्ष्मीबाई मात्र बसणारच नाहीत, वाढत राहतील. मते वेगळी, वाटा वेगळ्या. पण एक गोष्ट सगळींची सारखी. ज्या घरासाठी त्यांना लक्ष्मी केले, किंवा म्हटले, त्या घराच्या भिंती त्यांनी मागे सरकविल्या. कुणाचे घर झांशीएवढे झाले, कुणाचे वसतिगृहाएवढे, कुणाचे एका दवाखान्याएवढे, कुणाचे एका पुस्तकाएवढे. नाव दुसऱ्याने दिले. त्याचा अर्थ त्यांनी स्वतः लिहिला.

तरीही मनात एक सल राहतोच. मनू आणि मनू, एकीला रणांगणाने अमर केले, एकीला पुस्तकाने. म्हणून त्यांची माहेरची नावे आपल्याला ठाऊक आहेत. रमाबाई रानडे माहेरच्या यमुना आणि डॉक्टर आनंदीबाई जोशी याही यमुनाच, हेही ठाऊक आहे, कारण त्या मोठ्या झाल्या. पण ज्या मोठ्या झाल्या नाहीत त्यांचे काय? ज्यांनी या मंडळाच्या पहिल्या दिवसांत घरोघर जाऊन वर्गणी गोळा केली, सतरंज्या अंथरल्या, भिशीचे हिशेब ठेवले, त्या डॉक्टरीणबाई आणि त्या वहिनी? त्यांची सासरचीही नावे आपल्या वहीत नाहीत.

काळ बदलतो आहे, हे खरे. नाव बदलावेच असे कायदा पूर्वीही म्हणत नव्हता. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात महाराष्ट्र सरकारने वडिलांच्या नावाआधी आईचे नाव लिहावयास लावले आहे. आपल्या नातींना आपली अडचण पडणार नाही. पण आपल्या आयांचे आणि आजींचे काम आपल्यालाच करावे लागेल, आणि त्याला फार दिवस हातात नाहीत.

म्हणून समितीच्या संमतीने मी एक नवी वही घातली आहे. ती हळदीकुंकवाच्या दिवशी दाराजवळच्या टेबलावर असेल. प्रत्येकीने तीत आपली दोन्ही नावे लिहावीत. ज्यांचे नाव बदलले नाही त्यांनी ते अभिमानाने एकच लिहावे. शिवाय आपल्या आईचे, सासूबाईंचे, शेजारच्या एखाद्या वृद्ध बाईंचे माहेरचे नाव आठवत असेल, तर तेही लिहावे. ‘डॉक्टरीणबाई’ कोण, हे कुणाला माहीत असेल, तर कृपा करून मला सांगावे. मी अजून शोधते आहे.

पहिली ओळ द्वारकाआजींनी लिहिली. हात थरथरत होता, म्हणून वेळ लागला. लिहून झाल्यावर त्यांनी ते नाव एकदा मोठ्याने वाचले, आणि मग आम्ही दोघींनी साखर खाल्ली.

— विमल, सासरची लक्ष्मी